इटलीचे ७६ खासदार : घरचा पक्ष आणि संसदेतलं बाक

श्रोतेहो, नमस्कार.

१२ मार्च २०२५ या दिवशी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात, युरोपीय संसदेत, युरोपच्या संरक्षणाविषयीच्या एका ठरावावर मतदान झालं. ठराव ४१९ विरुद्ध २०४ मतांनी मंजूर झाला. इटलीच्या खासदारांनी मात्र त्या दिवशी बघणाऱ्याला कोड्यात टाकलं. रोममध्ये तीन पक्ष एकत्र सरकार चालवतात. त्यांपैकी पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांचा फ्रातेल्ली दितालिया आणि परराष्ट्रमंत्री अंतोनियो तायानी यांचा फोर्त्सा इतालिया हे ठरावाच्या बाजूने गेले. उपपंतप्रधान मात्तेओ साल्विनी यांच्या लेगाने विरोधात मत दिलं. विरोधी बाकांवरच्या पार्तितो देमोक्रातिकोचे तेव्हा २१ खासदार होते. त्यांतल्या १० जणांनी ठरावाला पाठिंबा दिला आणि ११ जण तटस्थ राहिले. त्यांच्या गटाची भूमिका पाठिंब्याची होती, तरीही.

असं का घडतं हे समजायला एक गोष्ट पक्की धरायला हवी. इटलीच्या प्रत्येक खासदाराची ओळख दुहेरी असते. एक त्याचा घरचा पक्ष, म्हणजे ज्याच्या चिन्हावर लोकांनी त्याला निवडून दिलं तो. दुसरा संसदेतला गट, म्हणजे ज्या बाकांवर तो बसतो ते. वर्तमानपत्रातल्या बातमीत बहुधा यातली एकच ओळख दिलेली असते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आधी घरची बाजू बघू. इटलीत शेवटची युरोपीय निवडणूक ८ आणि ९ जून २०२४ रोजी झाली. देशाचे पाच मोठे मतदारसंघ आहेत: वायव्य भागाला २० जागा, ईशान्येला १५, मध्य इटलीला १५, दक्षिणेला १८ आणि सिसिली-सार्डिनिया बेटांना ८. मतदार पक्षाच्या चिन्हावर फुली मारतो आणि शेजारच्या ओळींवर त्याच यादीतल्या उमेदवारांची नावं स्वतः लिहितो. जास्तीत जास्त तीन नावं. इथे बऱ्याच जणांची चूक होते. एकाहून अधिक नावं लिहायची तर त्यांत स्त्री आणि पुरुष दोन्ही असावे लागतात. दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांचीच नावं लिहिली तर पहिलं टिकतं आणि पुढचं बाद होतं. पक्षाला दिलेलं मत मात्र वाया जात नाही.

जागांचं वाटप आधी सगळ्या देशाच्या मतांवर होतं आणि मग ते मतदारसंघांत उतरवलं जातं. २००९ पासून एक कडक अट आहे: देशभरात ४ टक्के मतं नसतील तर एकही जागा नाही. २०२४ मध्ये या अटीने मधल्या विचारांच्या पक्षांचा पार निकाल लावला. मात्तेओ रेन्झी आणि एम्मा बोनिनो यांच्या आघाडीला ३.८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, कार्लो कालेंदा यांच्या आत्सियोनेला ३.४ टक्क्यांच्या आसपास. दोघे एकत्र लढले असते तर सात टक्क्यांची बेरीज अटीच्या बरीच वर गेली असती. वेगळे लढले आणि दोघांनाही भोपळा मिळाला. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये नवी संसद भरली तेव्हा उदारमतवाद्यांच्या रिन्यू गटात इटलीतून निवडून आलेला एकही खासदार नव्हता.

या गटात सांद्रो गोत्सी नावाचा एक इटालियन माणूस मात्र आहे. तो फ्रान्सच्या यादीतून निवडून आलेला आहे. युरोपीय संघाचा नागरिक राहत्या देशात उभा राहू शकतो आणि मतही देऊ शकतो. त्यामुळे इटालियन खासदार आणि इटलीचे खासदार या दोन याद्या तंतोतंत जुळत नाहीत. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात गेलेल्यांनाही हा नियम लागू आहे. असं कुटुंब इटलीत राहत असेल तर मतदानाच्या ९० दिवस आधी राहत्या गावच्या महापौराकडे अर्ज करून इटलीच्या यादीला मत देता येतं. ही मुदत चुकली की त्या वेळची संधी गेली.

आता २०२४ चा हिशेब. फ्रातेल्ली दितालियाला २४ जागा, पार्तितो देमोक्रातिकोला २१. मोविमेंतो चिंक्वे स्तेल्ले, म्हणजे पंचतारा चळवळ, फोर्त्सा इतालिया आणि लेगा या तिघांना प्रत्येकी ८. हरित आणि डाव्यांच्या आघाडीला ६. उरलेली एक जागा उत्तरेकडच्या दक्षिण टिरोल प्रांतातल्या जर्मन भाषकांच्या पक्षाची, तिथे हेर्बर्ट डॉर्फमान निवडून आले. हा पक्ष देशभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास मतं घेतो, मग ४ टक्क्यांच्या अटीतून सुटतो कसा? कायद्याने भाषिक अल्पसंख्याकांना सोय ठेवली आहे. जर्मन, फ्रेंच किंवा स्लोव्हेन भाषकांची यादी एखाद्या मोठ्या पक्षाच्या यादीशी जोडून घेता येते, आणि तिच्या उमेदवाराला किमान ५०,००० पसंतीची मतं मिळाली तर तो निवडून येऊ शकतो. २०२४ मध्ये ही यादी फोर्त्सा इतालियाशी जोडलेली होती. भाषेच्या प्रश्नावर इतकी नेमकी आणि चालणारी तरतूद फार थोड्या देशांत सापडते.

पक्षनेत्यांची नावं यादीत सर्वांत वर दिसली म्हणून ते खासदार झाले असं समजू नका. मेलोनी पाचही मतदारसंघांत उभ्या होत्या. मतपत्रिकेवर नुसतं ‘जॉर्जा’ लिहिलं तरी मत ग्राह्य धरलं जाईल अशी नोंद त्यांनी करून घेतली होती आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी त्यांचं नाव लिहिलं. पण देशाच्या मंत्रिमंडळातला माणूस युरोपीय संसदेत बसू शकत नाही. २००४ पासून स्वतःच्या देशाच्या संसदेतलं पद आणि हे पद एकत्र ठेवताही येत नाही. नेत्याने जागा सोडली की त्याच मतदारसंघातल्या, त्याच यादीतल्या पुढच्या उमेदवाराला ती मिळते. पोटनिवडणूक होत नाही.

आता संसदेतलं बाक. सध्याच्या संसदेत एकूण ७२० जागा आहेत. गट स्थापन करायला किमान २३ सदस्य लागतात आणि ते किमान सात देशांतले असावे लागतात. गट मिळाला की भाषणाची वेळ, कर्मचारी, पैसा, समित्यांची पदं आणि कायद्याचे मसुदे हाताळण्याची जबाबदारी सदस्यसंख्येच्या प्रमाणात मिळते. गट नसलेल्या खासदाराला मत देता येतं, बोलता येतं, पण मसुदा त्याच्या हाती क्वचितच लागतो.

पंचतारा चळवळीने ही किंमत पुरेपूर मोजली आहे. २०१४ मध्ये तिचे १७ खासदार ब्रिटनच्या नायजेल फराज यांच्या पक्षासोबत एका गटात बसले. त्या ऑक्टोबरात लाटव्हियाच्या एका सदस्याने गट सोडला, देशांची संख्या सातावरून सहावर आली आणि गट त्याच दिवशी मोडला. चार दिवसांनी पोलंडचा एक खासदार आला तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. जानेवारी २०१७ मध्ये चळवळीने उदारमतवादी गटात जायचं ठरवलं, आपल्या सभासदांचं ऑनलाइन मतदान घेऊन होकारही मिळवला. उदारमतवाद्यांनी दार लावून घेतलं आणि हे सगळे फराज यांच्याकडे परतले. या धावपळीत दोघं बाहेर पडले. त्यांतले मार्को झान्नी उजव्या टोकाच्या गटात गेले, पुढे लेगाचे झाले आणि २०१९ मध्ये त्या बाजूच्या नव्या गटाचे अध्यक्षही झाले. २०१९ मध्ये चळवळीचे १४ खासदार निवडून आले, पण पाच वर्षं त्यांना गटच नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये चौघे जण हरितांकडे निघून गेले. अखेर जुलै २०२४ मध्ये उरलेल्या पक्षाचे नवे ८ खासदार द लेफ्ट या डाव्या गटात दाखल झाले. दहा वर्षांत उजवीकडून डावीकडे इतका लांबचा प्रवास केलेला पक्ष दुसरा शोधावा लागेल.

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, घटनेचं दहावं परिशिष्ट. त्यामुळे मराठी श्रोत्याला प्रश्न पडेल की गट बदलला तर खासदारकी कशी टिकते? तिथे तशी तरतूदच नाही. खासदारकी व्यक्तीची असते, ती पक्ष सोडून किंवा गट बदलून जात नाही. व्हिप मोडला तर गट फार तर पद काढून घेईल. वर सांगितलेले पार्तितो देमोक्रातिकोचे ११ तटस्थ खासदार जागेवरच राहिले ते म्हणूनच.

जुलै २०२४ ला संसद भरली तेव्हाची इटलीची मांडणी सांगतो, हवी तर कागदावर उतरवून घ्या. कन्झर्व्हेटिव्ह आणि सुधारणावाद्यांच्या गटात फ्रातेल्ली दितालियाचे २४. सोशालिस्ट आणि डेमोक्रॅट गटात २१, तिथे इटलीचं पथक सगळ्यांत मोठं होतं. युरोपियन पीपल्स पार्टीत ९, म्हणजे फोर्त्सा इतालियाचे ८ आणि डॉर्फमान. पेट्रियट्स फॉर युरोपमध्ये लेगाचे ८. द लेफ्टमध्ये १० आणि हरितांत ४. बेरीज ७६. हरित-डाव्या आघाडीचे ६ खासदार एकाच चिन्हावर निवडून आले, तरी दोन गटांत वाटले गेले: चौघे हरितांकडे, तर मिम्मो लुकानो आणि इलारिया सालिस द लेफ्टकडे.

आणखी एक खाचखळगा असा की यादीतला प्रत्येक जण पक्षाचा सभासद असतोच असं नाही. निवृत्त सेनाधिकारी रोबेर्तो वान्नाच्ची २०२४ मध्ये लेगाच्या यादीतून अपक्ष म्हणून निवडून आले, सभासद झाले ते एप्रिल २०२५ मध्ये. त्यामुळे एखाद्या खासदाराविषयी लिहिताना किंवा बोलताना युरोपीय संसदेच्या संकेतस्थळावरचं त्याचं पान उघडावं. तिथे घरचा पक्ष आणि गट वेगवेगळे दिलेले असतात आणि प्रत्येकापुढे कधीपासून कधीपर्यंत हेही असतं. ती तारीख आपल्या बातमीच्या तारखेशी पडताळावी. मग नावनिशीवार मतदानाची नोंद बघावी, ती बैठकीच्या इतिवृत्तासोबत प्रसिद्ध होते. गटाचा निर्णय एकीकडे आणि पक्षाचं मत दुसरीकडे गेलं असेल तर ते तिथे लगेच दिसतं.

काही मतदानं मात्र गुप्त असतात. सालिस यांच्यावर बुडापेस्टमध्ये उजव्या टोकाच्या लोकांना मारहाण केल्याचा आरोप आहे. पंधरा महिने कोठडीत आणि मग घरात नजरकैदेत असताना त्या निवडून आल्या. हंगेरीने त्यांचं खासदार म्हणून असलेलं संरक्षण काढून घ्यायची मागणी केली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी संसदेने ती ३०६ विरुद्ध ३०५ मतांनी फेटाळली. संरक्षण काढावं असं म्हणणाऱ्या गटांची एकूण सदस्यसंख्या जास्त होती, म्हणजे त्यांच्यातल्या काहींनी गटाबाहेर जाऊन मत दिलं. ते कोण होते याची नोंद कुठल्याही इतिवृत्तात नाही.