ग्वावची जायफळे आणि पाहुण्यांची वेळ

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘कोकणातील किनारी गावांचे पर्यटन’ असा जाहीर झाला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु या विषयाचा विचार मला ज्या गावात सुचला, त्या गावाबद्दल आधी बोलू द्यावे, अशी आपणा सर्वांना विनंती आहे.

ग्वाव हे ग्रेनाडा या कॅरिबियन देशातले, पश्चिम किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे छोटे गाव. सगळ्या देशाचे क्षेत्रफळ सुमारे 344 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. राजधानी सेंट जॉर्जेसहून मिनीबस उत्तरेकडे निघाली की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे डोंगरउतारावरच्या बागा लागतात. बहुतेक पाहुणे दक्षिणेच्या ग्राँड आन्सच्या पांढऱ्या वाळूवरच थांबतात. ग्वावला जायचे ते मासळी आणि जायफळ यांच्यासाठी. ज्या देशाने आपल्या राष्ट्रध्वजावर जायफळ काढले आहे, त्या देशातले जायफळ ज्या इमारतीत वाळते, निवडले जाते आणि पोत्यांत भरले जाते, ती इमारत या गावात आहे.

ही इमारत जायफळ उत्पादकांच्या सहकारी संस्थेची आहे. ही संस्था 1947 साली स्थापन झाली. शेतकरी माल घालतो तेव्हा त्याला आगाऊ रक्कम मिळते आणि पुढे विक्रीच्या हिशेबाने बोनस मिळतो. सहकाराच्या महाराष्ट्रात ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. कवचासकट जायफळे लाकडी फळ्यांवर कित्येक आठवडे पसरून ठेवतात आणि अधूनमधून हलवतात. मग कवच फोडले जाते आणि निवडीला बसलेल्या बायकांच्या हाती गर येतो. जायपत्री वेगळी मुरवली जाते. ताजी असताना ती लालभडक असते आणि मुरताना पिवळसर होत जाते. थोडे शुल्क भरले की तिथे काम करणारी माणसेच पाहुण्याला सगळे फिरवून दाखवतात, आणि त्या वेळी काम थांबत नाही.

तिथल्या एका वयस्कर बाईंनी माझ्या हातावर दोन जायफळे ठेवली आणि त्यांतले चांगले कोणते ते विचारले. रंग, आकार, सुरकुत्या, सगळे सारखे. (या सभागृहात जायफळाचे बागायतदार बसले आहेत, त्यांनी कृपया उत्तर सांगू नये.) बाईंनी दोन्ही पाण्यात टाकली. भरीव गराचे तळाशी गेले, पोकळ तरंगले. बुडालेले मसाल्यासाठी परदेशी जाते, तरंगलेल्याचे तेल काढतात. ज्या जायफळाचा आपण श्रीखंडात किंवा पुरणात किसून केवळ वास घेतो, त्यामागचे एवढे हात मी प्रथमच पाहिले.

याच बाईंकडून मी आयव्हन चक्रीवादळाबद्दल ऐकले. 7 सप्टेंबर 2004 रोजी ते ग्रेनाडावर आले, तोपर्यंत हा देश जायफळात इंडोनेशियाच्या खालोखाल होता. वादळाने बहुतेक झाडे मोडली किंवा उपटली. बियांपासून लावलेले जायफळ फळायला सहा-सात वर्षे लागतात, आणि झाड नर की मादी हे ते फुलल्यावरच कळते. उतारवयातल्या शेतकऱ्याने एवढी वाट कशाच्या बळावर पाहायची? अनेकांनी पुन्हा लागवड केलीच नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दिवेआगर-श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या बागा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही.

गावाचा दुसरा आधार मासळी. दर शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या गल्ल्यांत गावकरी भाजलेल्या-तळलेल्या मासळीच्या टपऱ्या लावतात आणि पाहुणे त्या वेळेला येतात. वार गावाने ठरवलेला असतो. 29 जूनला, संत पीटरच्या दिवशी, होड्यांना आशीर्वाद दिला जातो आणि तो सण प्रथम मच्छीमारांचा असतो.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे कोकणाबद्दलचे म्हणणे थोडक्यात मांडतो. आपण पाहुण्यांना वाळू आणि खोली देतो, मात्र गावाचे काम दाखवत नाही. हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी पाहण्यासाठी माणसे दूरवरून येतील, किंबहुना हर्णैला ती येतातच. परंतु लिलावाच्या वेळी त्यांची वाहने वाटेत उभी राहतात आणि मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायकांना बाजूला व्हावे लागते. वार आणि वेळ गावाने ठरवावी. माहिती काम करणाऱ्यांनीच द्यावी आणि तिचा मोबदला सोसायटीत जमा व्हावा. बागायतदारांनी सुपारी सोलण्याच्या व जायफळ वाळवण्याच्या दिवसांत पाहुण्यांना बागेत बोलवावे. वादळानंतर पुन्हा लागवड करणाऱ्याला झाड फळेपर्यंतच्या वर्षांत या उत्पन्नाचा आधार होईल. ग्रेनाडाच्या अनेक शेतकऱ्यांना असा आधार नव्हता. लिलावाच्या वाटेवरून वाहने दूर ठेवण्याचे काम मात्र याच मोसमात करता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि मच्छीमार सोसायटीची चार माणसे पुरतील.