बीथोव्हेनशी स्वतःला ताडून बघायचं, पण कसं?

नमस्कार. 4 नोव्हेंबर 1876. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात संगीतकार योहान्स ब्राम्सची पहिली सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, पहिल्यांदा वाजली. ब्राम्स तेव्हा 43 वर्षांचा होता, आणि या सिंफनीची खटपट त्यानं विशीत सुरू केली होती. एवढी वर्षं का लागली? कारण त्याच्या आधीचा थोर संगीतकार बीथोव्हेन. त्या राक्षसाची पावलं सतत मागे ऐकू येत असताना लिहिणं काय असतं, असं ब्राम्स ऑर्केस्ट्रा कंडक्ट करणाऱ्या एका मित्राला म्हणाल्याचं सांगतात. बीथोव्हेन वारला 1827 मध्ये, ब्राम्सच्या जन्माच्या सहा वर्षं आधी. म्हणजे ज्याला कधी पाहिलं नाही, अशा माणसाचा धाक.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण हाच धाक मला इथे पुण्यात रोज दिसतो. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेला लाइव्ह म्युझिक बसवणारी मुलं, कॅम्पात पियानोच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं, घरी लॅपटॉपवर ऑर्केस्ट्रा रचणारी मुलं. चांगलं लिहितात. मग एक दिवस जुना जर्मन संगीतकार बाख नीट ऐकतात आणि म्हणतात, आता आपण काय लिहायचं! त्यांना मी 'तुलना करू नकोस' असं कधीच सांगत नाही. तुलना करायलाच हवी. पण नुसतं ऐकून केलेली तुलना माणसाला घाबरवते, शिकवत काहीच नाही.

ब्राम्सकडे परत येऊ. (पडद्यावर: ब्राम्सचा तरुणपणीचा फोटो) 1853 मध्ये, तो 20 वर्षांचा असताना, संगीतकार रॉबर्ट शुमाननं लेख लिहून जाहीर केलं की संगीतात नवा माणूस आला आहे. एवढं कौतुक पेलणं सोपं नव्हतं. 1859 मध्ये लाइपझिगमध्ये त्याचा पियानो कन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) वाजला आणि लोकांनी हिस्स करून नापसंती दाखवली. 1862 मध्ये त्यानं सिंफनीची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, शुमानची पत्नी, पियानोवादक क्लारा शुमानला दाखवली. आज जी संथ, टिंपनी या नगाऱ्यांच्या ठोक्यांवर चालणारी सुरुवात सगळ्यांच्या कानात बसली आहे, ती त्या प्रतीत नव्हतीच. पण मधल्या वर्षांत हा माणूस हातावर हात ठेवून बसला नव्हता. ऑर्केस्ट्रासाठी दोन सेरेनेड (हलक्या रचना) लिहिल्या, जर्मन रेक्विएम ही गायकवृंद आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना लिहिली, 1873 मध्ये हायडनच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका धूनवर व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धूनची बदलत जाणारी रूपं, लिहिली. सिंफनी जमेना, तर ऑर्केस्ट्राचा हात त्यानं दुसऱ्या कामांतून बसवला. स्ट्रिंग क्वार्टेटचंही, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेचंही, तसंच. त्यानंच सांगितल्याप्रमाणे वीसेक क्वार्टेट फाडल्यावर त्यानं पहिले दोन छापायला दिले. आपल्यापर्यंत पोचले ते हे उरलेले. आपण आपली पहिली वही त्यांच्याशी लावतो, फाडलेल्या कागदांशी नाही.

आता या सिंफनीतली मला सगळ्यात आवडणारी जागा. चौथ्या मूव्हमेंटची मुख्य धून ऐकली की बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगान आठवतंच. ब्राम्सच्या काळातही लोकांनी हे त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि हे तर कुठल्याही गाढवाला कळेल, असं तो वैतागून म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पण त्या धूनच्या आधी काय येतं ते ऐका. सगळे गडद सूर बाजूला होतात आणि एकटा हॉर्न वर येतो. ही धून त्यानं 1868 मध्ये क्लाराच्या वाढदिवसाला शुभेच्छा म्हणून लिहून पाठवली होती, आल्प्समधल्या लांब लाकडी शिंगाची म्हणून. तिचा बीथोव्हेनशी काही संबंध नाही. सी मायनर या गडद स्वरमेळातून सी मेजर या उजळ स्वरमेळाकडे जायचा रस्ता बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीनं घालून दिला होता. ब्राम्स त्या रस्त्यानं उघडपणे चालत आला, आणि नेमक्या वळणावर स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी ठेवून गेला. मला वाटतं, आधीची सगळी वर्षं या जागेसाठीच गेली.

आपल्याकडे मोजमाप वेगळ्या पद्धतीनं होतं. गायक भास्करबुवा बखले, ज्यांनी 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाज सुरू केला, ते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांकडे शिकले. तिघांच्या गायकीची वळणं वेगवेगळी, पण तिघेही समोर बसलेले. सूर चुकला की गुरू तिथल्या तिथे थांबवणार, पुन्हा घे म्हणणार. बंदिश तीच, त्यामुळे कुठे कमी पडलो ते लगेच कळतं. याला आपण तालीम म्हणतो. लॅपटॉपसमोर एकट्या बसलेल्या मुलाला ही तालीम कोण देणार? बाख तर 1750 मध्येच गेला.

याचं उत्तर मोठ्या लोकांनीच देऊन ठेवलंय: हातानं उतरवून काढा. बीथोव्हेननं मोझार्टचा ए मेजरमधला क्वार्टेट स्वतःच्या हातानं लिहून काढला होता, आणि त्याच्या स्वतःच्या ए मेजर क्वार्टेटमध्ये, ओपस 18 क्रमांक 5 मध्ये, ती रचना कशी पचवली आहे ते स्पष्ट दिसतं. शूबर्टचं तर मला फार वाटतं. सहाशेच्या वर गाणी लिहून झालेला हा माणूस नोव्हेंबर 1828 मध्ये काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणारे स्वतंत्र आवाज गुंफण्याची विद्या, शिकायला सायमन झेख्टर या शिक्षकाकडे गेला. दोन आठवड्यांत तो वारला, 31 व्या वर्षी. त्यानं स्वतःला मोठ्यांशी ताडून पाहिलं, एक ठरावीक गोष्ट कमी वाटली, आणि तेवढी शिकायला तो निघाला. 'मी मोठा की बीथोव्हेन मोठा' या प्रश्नाचं काही करता येत नाही. 'माझा दुसरा आवाज लंगडा पडतो' या वाक्याचं करता येतं.

तर एक करून बघा. बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्स, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीच्या छोट्या रचना, त्यांतली पहिली घ्या, सी मेजरची. फक्त 22 बार, म्हणजे तालाची 22 छोटी घरं. या संचाच्या 1723 च्या प्रतीवर बाखनंच लिहिलंय की शिकणाऱ्यांनी दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावं आणि रचना करण्याची गोडीही लागावी. म्हणजे हे आमंत्रणच आहे. (पियानोवर) पहिला तुकडा: सा रे ग म रे ग सा, मग प. लगेच डावा हात तेच म्हणतो. पहिले दोन बार हातानं वहीत उतरवा, पुस्तक मिटा, आणि सातव्या बारमध्ये जी मेजरला पोचायचं एवढंच ठरवून मधलं स्वतः लिहा. घाईनं नको.

मग पुस्तक उघडा आणि तिसरा बार बघा. बाखनं नवीन काहीच आणलेलं नाही. तोच तुकडा उलटा केलाय, ध प म ग प म ध, आणि तो पायरी पायरीनं खाली आणलाय. खाली डाव्या हातात सुरुवातीचंच चढतं वळण, पण दुप्पट संथ. तुम्ही तिथे काय केलंत? बहुतेक जण नवी धून आणतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवा, बार बाय बार फरक लिहा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाच बार पुन्हा लिहा, या वेळी त्या एका तुकड्याबाहेर न जाता.