अर्जातली कोरी ओळ

(दृश्य : सकाळचं भोपाळ रेल्वे स्थानक. गाड्यांमधून उतरणारी तरुण मुलं, हातात बॅगा, काखेत प्रमाणपत्रांची फाइल.)

एका नोकरीची मुलाखत पाच दिवस चालते. उमेदवारानं तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि छातीवर क्रमांक बांधून वावरायचं. भारतीय सैन्यदलांत अधिकारी व्हायचं असेल तर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे एसएसबी, हा टप्पा बहुतेकांना चुकत नाही. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा ९०० गुणांची असते आणि एसएसबीलाही ९०० गुण असतात. लेखीत गणितानं कितीही हात दिला तरी उरलेला निम्मा निकाल इथंच ठरतो.

महाराष्ट्राचं या वाटेशी जुनं नातं आहे. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य शासनाची संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे. खुद्द एनडीए तर आपल्या खडकवासल्याला. पण तिच्या दारात पोचायचं तर आधी भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज किंवा जालंधरला जाऊन यावं लागतं. हवाई दल आणि नौदलाची मंडळं वेगळी, म्हैसूर, डेहराडून, कोइमतूर अशा ठिकाणी.

(दृश्य : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली छायाचित्रं.)

ही पद्धत आली कुठून? महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडताना थोडा वेळ गाठभेट व्हायची. कुठल्या शाळेत शिकलास, घराणं कुठलं, खेळतोस काय, एवढ्यावर निर्णय. युद्ध पसरलं, अधिकारी जास्त लागू लागले, आणि असे निवडलेले कितीतरी तरुण प्रशिक्षणातच नापास होऊन परत येऊ लागले. तेव्हा १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये नवी निवड मंडळं स्थापन झाली. त्यात लष्करी अधिकाऱ्यांच्या शेजारी मानसशास्त्रज्ञ बसले. पुढारी न नेमता एका गटाला काम द्यायचं आणि पुढाकार कोण घेतो, कोण कुणाला सांभाळून घेतो ते बघायचं, ही कल्पना त्याच मंडळांमधली. विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञानं ती मांडली. १९४३ मध्ये डेहराडूनला असंच एक प्रायोगिक मंडळ उभं राहिलं आणि स्वातंत्र्यानंतर भारतानं ही पद्धत चालू ठेवली.

घराणं आणि शाळा बघून माणूस निवडल्यानं नुकसान झालं, म्हणून ही पद्धत जन्माला आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येक मुलानं आणि मुलीनं ही गोष्ट मनाशी घट्ट धरून मगच गाडीत बसावं.

(दृश्य : मोठी खोली, पडद्यावर धूसर चित्र, खाली मान घालून लिहिणारे उमेदवार.)

पहिला दिवस चाळणीचा. बुद्धिमापन चाचणी होते. मग एक अंधूक चित्र ३० सेकंद दिसतं, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, आणि नंतर गटात बसून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. या चर्चेत सगळे एकदम बोलायला लागतात. उमेदवारांच्या बोलीत याला फिश मार्केट म्हणतात. इथं गळालेल्यांना त्याच दिवशी घरी पाठवतात.

दुसरा दिवस लिहिण्याचा. अकरा चित्रं आणि एक कोरा पडदा, बारा गोष्टी. साठ शब्द, प्रत्येकावर एक वाक्य, वेळ १५ सेकंद. मग साठ प्रसंग, तीस मिनिटांत प्रत्येकावर काय कराल ते लिहायचं. विचार करून सजवून लिहायला वेळच राहत नाही, आणि चाचणीची रचना मुळात त्यासाठीच आहे. शेवटी स्वतःबद्दल लिहायचं असतं: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याविषयी काय म्हणतात, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं.

पण आम्हाला जास्त वेळ थांबायचंय ते पीआयक्यू नावाच्या अर्जापाशी.

(दृश्य : कोऱ्या अर्जावरून सरकणारा कॅमेरा.)

हा वैयक्तिक माहितीचा अर्ज. पहिल्या चाळणीतून पुढं गेलेला उमेदवार तो भरतो. सर्वांत जास्त काळ कुठं राहिलात, त्या गावाची लोकसंख्या किती, वडिलांचा व्यवसाय काय, उत्पन्न किती, भावंडं काय करतात, दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, एनसीसी, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या. अर्ज भरताना वाटतं, ही कचेरीतली नेहमीची कागदं. पण मुलाखत घेणारा वरिष्ठ अधिकारी हाच कागद समोर ठेवून बसतो. म्हणजे मुलाखतीची प्रश्नपत्रिका उमेदवार स्वतःच्या हातानं लिहून देतो. आणि आपल्याकडची कितीतरी मुलं त्यातल्या सर्वांत मोलाच्या ओळी कोऱ्या सोडतात.

समजा, पंढरपूरच्या बाजूचा एक मुलगा आहे. घरी दोन एकर ऊस, चार गाई. शाळेत असल्यापासून सकाळी डेअरीवर दूध घालायचं काम त्याच्याकडे. छंदाच्या रकान्यात तो काय लिहितो? वाचन, संगीत, क्रिकेट बघणं. जबाबदारीच्या रकान्यात आडवी रेघ, कारण तो कधी वर्गाचा मॉनिटर नव्हता की संघाचा कप्तान. मग मुलाखतीत प्रश्न येतो, शेवटचं वाचलेलं पुस्तक कोणतं, त्यातलं काय पटलं नाही? मुलगा अडखळतो आणि पुढचा सगळा वेळ सारवासारवीत जातो.

याच मुलाला दुधातलं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) म्हणजे काय ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. फॅट कमी लागलं तर दर कसा उतरतो, कुठल्या गाईला खुराक वाढवायचा, कुठली आटत आलीय, पशुखाद्याचं पोतं महागलं की घरचं गणित कुठं बिघडतं, हे त्याला रोजचं आहे. आषाढीला गावात दिंडी मुक्कामाला येते तेव्हा शेकडो माणसांच्या पंगतीचं पाणी कुठून आणायचं, टँकर उशिरा आला तर काय करायचं, म्हाताऱ्या माणसांना शाळेच्या खोल्या आधी कशा द्यायच्या, हे त्यानं केलेलं आहे. निवड मंडळ अधिकाऱ्याच्या अंगी असावेत असे पंधरा गुण शोधतं. नियोजन, जबाबदारीची जाण, पुढाकार, सहकार्य, चिकाटी ही त्यातली काही. टँकर न आलेल्या त्या संध्याकाळी यातले निम्मे गुण त्या मुलानं दाखवलेले असतात, पण अर्जात त्याचं एक अक्षरही नसतं. कारण आपलं जगणं साहेबापुढं सांगण्यासारखं नाही, हे त्याच्या मनावर लहानपणापासून कुणी ना कुणी बिंबवलेलं असतं. त्याची लायकी यामुळे कमी होत नाही, पण ती अधिकाऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि ही गोष्ट आम्हाला फार लागते.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली प्रशिक्षण पूर्ण करून तिथून बाहेर पडल्या. आता या रांगेत विदर्भातली एखादी मुलगीही उभी असते, जी आईच्या बचत गटाची वही लिहिते. कुणाची बचत राहिली, कुणाचं कर्ज किती उरलं, बँकेचा हप्ता कधी, आणि पैसे थकलेल्या काकूंकडे भांडण न करता विषय कसा काढायचा, हे ती करते. तिनं हे अर्जात लिहिलंच पाहिजे.

(दृश्य : घराच्या ओसरीवर वही घेऊन बसलेला मुलगा, शेजारी आजोबा.)

म्हणून तयारीची सुरुवात घरातून करावी. दहावीपासून आजपर्यंतचं एकेक वर्ष वहीत मांडा. कुठे होतो, काय केलं, काय बिघडलं, कुणी मदत केली. वडिलांना उत्पन्नाचा खरा आकडा विचारा, खूप घरांत मुलांना तो माहीत नसतो. ग्रामपंचायतीत जाऊन गावाची लोकसंख्या विचारा, पाण्याची योजना कुठून आहे ते बघा. कबड्डी लिहिणार असाल तर पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस, हे आलं पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही स्वतः शेवटचा सामना कधी खेळलात. बारावीत गुण घसरले असतील तर त्याचं कारण विचारलं जाणारच. आजारपण असेल तर आजारपण सांगा, मोबाइल असेल तर मोबाइल सांगा.

मग हे सगळं मोठ्यानं बोलून बघा. मनात स्पष्ट असलेली गोष्ट तोंडातून येताना किती वेडीवाकडी होते, ते बोलल्याशिवाय कळत नाही. ऐकायला गावातले निवृत्त सुभेदार मिळाले तर फारच छान. मराठवाड्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात अशी माणसं गावोगाव आहेत.

(दृश्य : टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा.)

मुलाखत साधारण अर्धा तास ते तासभर चालते. सुरुवात हलकी असते: प्रवास कसा झाला, जेवण आवडलं का. मग प्रश्नांची एक लांबलचक माळ येते. दहावीपासूनच्या शाळा सांगा, प्रत्येक ठिकाणचे गुण सांगा, आवडते शिक्षक कोण आणि का, न आवडणारे कोण आणि का, जवळचे मित्र कोण, ते तुमच्यावर कशावरून चिडतात, मोकळा वेळ कसा घालवता. सगळं एका दमात विचारतात आणि मध्ये थांबत नाहीत. उमेदवारानं क्रमानं उत्तर द्यायचं. एखादा प्रश्न विसरला तर सरळ म्हणावं, सर, पुढचा प्रश्न लक्षात राहिला नाही, पुन्हा सांगाल का? त्यात काहीही कमीपणा नाही. ज्यानं वहीत आपली वर्षं मांडली आहेत त्याला ही माळ जड जात नाही, कारण ती त्याच्याच आयुष्याच्या क्रमानं येते.

सैन्यातच का, हा प्रश्न हमखास येतो. देशसेवा करायची आहे, एवढंच उत्तर पुरत नाही. देशसेवा शिक्षकही करतो, मग तुम्ही शिक्षक का होत नाही? इथं पाठ केलेलं उत्तर उघडं पडतं. बाजारात वीस दिवसांत व्यक्तिमत्त्व घडवून देतो म्हणणारे वर्ग आहेत आणि तिथं छापील उत्तरं मिळतात. त्या वर्गांतून प्रक्रियेची ओळख होते, मैदानावरच्या खेळांचा सराव होतो, तेवढं जरूर घ्यावं. पण तीच तीच वाक्यं अनेक तोंडांतून ऐकलेल्या अधिकाऱ्याला ती ओळखायला वेळ लागत नाही.

भाषेची धास्ती आपल्या मुलांना फार असते. मराठीत बोलायची सोय नाही, पण हिंदीचा आधार घेता येतो, आणि साध्या, तुटक इंग्रजीनं कुणी बाद होत नाही. अवघड शब्द शोधत बसण्यापेक्षा लहान वाक्यं बोलावीत. मात्र सैन्यातलं पुढचं शिक्षण इंग्रजीतच आहे, तेव्हा रोज थोडं वाचायची, बोलायची सवय सुटू देऊ नये.

(दृश्य : मैदान. फळी, बल्ली आणि दोर घेऊन अडथळा ओलांडणारा गट.)

तिसरा आणि चौथा दिवस मैदानावरचा. गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, फळी आणि दोर वापरून ओलांडायचे अडथळे, तीन मिनिटांचं भाषण, एकट्यानं पार करायचे दहा अडथळे. या दिवसांतच मधल्या वेळेत एकेकाची मुलाखतही उरकली जाते.

यात एक बारकावा आहे. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरचा अधिकारी, ज्याला जीटीओ म्हणतात, हे तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. शेवटच्या दिवसाच्या बैठकीपर्यंत ते एकमेकांच्या नोंदी बघत नाहीत. मुलाखतीत कुणी म्हणालं, मी सगळ्यांना बरोबर घेऊन चालतो, आणि मैदानावर त्यानं सोबत्याच्या हातातली फळी हिसकावून घेतली, तर ते दोन कागद पाचव्या दिवशी शेजारी शेजारी येतात. दिंडीत राबलेल्या त्या पंढरपूरच्या मुलाचंही तसंच. त्यानं मुलाखतीत सांगितलेलं आणि मैदानावर नकळत केलेलं जुळलं, की तिघांच्या नोंदी एकाच माणसाविषयी बोलू लागतात.

पाचव्या दिवशी सगळं मंडळ एकत्र बसतं. उमेदवार एकेक करून आत जातो. दोन-चार प्रश्न, कधी नुसतं, कसं वाटलं इथं? नंतर निवडलेल्यांचे क्रमांक वाचले जातात. कधी कधी मोठ्या गटातून एकही क्रमांक येत नाही. आलेल्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि त्यानंतरही गुणवत्ता यादीत नाव यावं लागतं. ज्यांचा क्रमांक आला नाही, त्यांना वयोमर्यादेत पुन्हा अर्ज करता येतो, आणि पुढच्या अर्जात मागच्या प्रयत्नाचाही एक रकाना असतो. तोही खरा भरायचा.

(दृश्य : नाशिक रोड.)

सीडीएससारखी (सैन्यदलांच्या अधिकारी भरतीची) परीक्षा पार करून एसएसबीचं बोलावणं आलेल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी राज्याचा सैनिक कल्याण विभाग नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र चालवतो. राहणं, जेवण आणि प्रशिक्षण, तिन्ही विनामूल्य. एनसीसीचं सी प्रमाणपत्र असलेल्या पात्र उमेदवारांनाही तिथं संधी असते. प्रवेशासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. जाताना शैक्षणिक कागदपत्रं आणि एसएसबीचं बोलावणं सोबत ठेवा, आणि पुढच्या तुकडीची तारीख तिथंच विचारून घ्या.