होकार कसा घेतला जाई

श्रोतेहो, नमस्कार. कामिकाझे म्हणजे दुसऱ्या महायुद्धात विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळणारे जपानी वैमानिक. ते स्वखुशीने गेले की त्यांना पाठवलं गेलं, असं नेहमी विचारलं जातं. त्यासाठी त्यांचा होकार घेण्याची रीत काय होती, ते आधी पाहू.

१९ ऑक्टोबर १९४४. फिलिपिन्समधल्या माबालाकातला जपानी नौदलाच्या २०१ क्रमांकाच्या हवाई पथकाचा तळ. व्हाइस अ‍ॅडमिरल ताकिजिरो ओनिशी संध्याकाळी तिथे पोहोचले आणि त्यांनी योजना मांडली: झीरो या लढाऊ विमानाला २५० किलोचा बॉम्ब बांधायचा आणि वैमानिकासकट ते अमेरिकन विमानवाहू जहाजावर आदळायचं. रात्री तरुण वैमानिकांना एकत्र बोलावलं. सगळ्यांनी उत्साहाने हात वर केले, असं अधिकाऱ्यांनी पुढे लिहिलं. जिवंत राहिलेल्यांपैकी काहींना आठवतं ते वेगळंच: आधी कुणी हललं नाही, वरिष्ठाने आवाज चढवला, मग हात वर गेले.

नेतृत्वासाठी नौदल अकादमीचाच माणूस हवा होता. निवड झाली लेफ्टनंट युकिओ सेकी यांची. वय २३, नुकतंच लग्न झालेलं, घरी विधवा आई. मुळात ते सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचे वैमानिक. आपल्यासारख्या चांगल्या वैमानिकाला मारावं लागत असेल तर जपानचं काही खरं नाही, आणि आपण सम्राटासाठी नाही, बायकोसाठी जातोय, असं त्यांनी एका वार्ताहराजवळ बोलून दाखवलं होतं. २५ ऑक्टोबरला त्यांच्या तुकडीने सेंट लो हे छोटं विमानवाहू जहाज बुडवलं. हे यशच घातक ठरलं. तात्पुरता म्हणवला गेलेला उपाय पुढे धोरण बनला.

मग विद्यार्थ्यांची पाळी आली. १९४३ च्या शरदातच कला, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांची सैन्यभरतीतली सवलत काढून घेतली गेली होती. विज्ञान आणि अभियांत्रिकीवाल्यांची राहिली. २१ ऑक्टोबरला तोक्योत भर पावसात या मुलांचं निरोपाचं संचलन झालं. पुढे लष्करात, म्हणजे भूदलात, बऱ्याच ठिकाणी त्यांच्या हाती आत्मघाती मोहिमेबद्दल विचारणारा कागद दिला जाई. पर्याय तीन: तीव्र इच्छा आहे, इच्छा आहे, इच्छा नाही. खाली स्वतःचं नाव. शेजारचा काय लिहितो याची धास्ती, आणि ‘नाही’ लिहिलं तर घरच्यांना काय ऐकावं लागेल याची त्याहून मोठी. ‘नाही’ लिहिणाऱ्यांचीही नेमणूक झाल्याची उदाहरणं आहेत. मग कागद कशाला? माझ्या मते, आदेश देणाऱ्यांचे हात स्वच्छ राहावेत म्हणून.

तरी ही मुलं नुसती बाहुली नव्हती. केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला २२ वर्षांचा र्योजी उएहारा ११ मे १९४५ रोजी क्यूशूतल्या चिरान तळावरून गेला. आदल्या रात्री त्याने लिहून ठेवलं की हुकूमशाही राष्ट्रं काही काळ जिंकली तरी शेवटी हरतात, आणि उद्या स्वातंत्र्यावर श्रद्धा असलेला एक माणूस या जगातून जाईल. तळावरची पत्रं सेन्सॉर होत, म्हणून काही जण ती गावातल्या शाळकरी मुलींकडे किंवा खानावळीच्या मालकीणबाईंकडे गुपचूप टाकायला देत.

प्रशिक्षण किती? तैवानमध्ये नौदलाने सात दिवसांचा क्रम आखला होता: दोन दिवस उड्डाण घेणं, दोन दिवस तुकडीने उडणं, तीन दिवस लक्ष्याकडे झेपावणं. रडार चुकवायला पाण्यालगत १०-१५ मीटरवरून यायचं, शेवटी ४००-५०० मीटर चढून सूर मारायचा. नाहीतर ६०००-७००० मीटर उंचीवरून उतरायचं. नेम जहाजाच्या मधल्या लिफ्टवर. पण सूर फार उभा झाला की वेग बेसुमार वाढे, झीरोची कंट्रोल स्टिक जड होई आणि ऐन वेळी विमान वळेना. घाईत नवखे बॉम्बची सुरक्षा कळ काढायलाच विसरत. शिवाय पंखांच्या अडथळ्यामुळे विमान मोकळ्या बॉम्बपेक्षा हळू आदळतं. चिलखती डेक त्याने सहसा फुटत नसे. ओकिनावाजवळ पहाऱ्यावरच्या विनाशिका आधी दिसत आणि अननुभवी वैमानिक त्यांच्यावरच पडत. युद्धानंतरच्या अमेरिकन पाहणीनुसार २५५० उड्डाणांपैकी जेमतेम १८.६ टक्के परिणामकारक ठरली.

फक्त जाण्यापुरतंच इंधन देत, ही समजूत सरसकट खरी नाही. लक्ष्य सापडलं नाही तर परत फिरायची मुभा होती, आणि इंजिन बिघडून, ढगांत वाट चुकून अनेक जण परतले. लष्कराने अशांना फुकुओकाच्या शिम्बू वसतिगृहात डांबलं. तिथे शिव्या आणि मारहाण.

कॉर्पोरल तोमोजी सासाकी यांचं उदाहरण बघा. लष्कराच्या बांदा तुकडीच्या विमानांवरचे बॉम्ब वैमानिकाला सोडताच येऊ नयेत, असे बसवले होते. तुकडीचे कॅप्टन इवामोतो यांनी ती रचना परस्पर बदलून घेतली. सासाकींनी जहाजावर बॉम्ब टाकला आणि परत येऊन उतरले. तोवर त्यांच्या वीरमरणाची घोषणाही झाली होती! त्यामुळे वरिष्ठ त्यांना पुन्हापुन्हा पाठवत राहिले, या वेळी नक्की मर असं बजावून. सासाकी नऊ वेळा गेले, नऊही वेळा जिवंत राहिले आणि २०१६ साली ९२ व्या वर्षी वारले.