पाण्याखालचं गाव आणि मागची खोली

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की साताऱ्यात स्वेटरवाले येतात. आपण त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणून मोकळे होतो, पण त्यांतले बरेच जण तिबेटी असतात. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. कर्नाटकात बायलकुप्पे आणि मुंडगोड, आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव, अशा त्यांच्या वसाहती झाल्या. नुसत्या शेतीवर भागत नाही, म्हणून हिवाळ्यात परगावी स्वेटर विकायचे.

माझं माहेर कोयनाकाठचं. धरण झालं आणि गाव शिवसागरात गेलं. गेल्या वर्षी स्वेटर घेताना दुकानातल्या आजींनी हिंदीत विचारलं, “तुमचं गाव कोणतं?” म्हटलं, “पाण्याखाली आहे.” पैसे मोजता मोजता त्या थांबल्या. मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो. आपलं गाव त्यांनी कधी पाहिलेलंच नाही, आईच्या तोंडून ऐकलंय तेवढंच.

पण आमचं दुःख एक नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. आम्ही धरणग्रस्त. भांडलो ते आपल्याच सरकारशी, आपल्याच भाषेत. त्यांच्यापाशी नोंदणीचा एक कागद, तोही मुदत संपली की नवा करून घ्यायचा. निर्वासितांसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे अशा माणसाचे दिवस कसे जातील, हे पुष्कळदा शेजारपाजार ठरवतो.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले. सोविएत राजवटीनं सायबेरियात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली होती, बहुतेक बायका आणि मुलं. तिथं त्यांच्या भाषेतली शाळा होती, दवाखाना होता, चर्च होतं. अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला आणत. परक्या मुलखात पोराला स्वतःच्या भाषेत धडा गिरवता येणं, ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आजींना सगळ्यात जड जाते ती खोली. चार महिन्यांसाठी कुणी देत नाही. कागद मागतात, आणि तो ओळखीचा दिसला नाही की नको म्हणतात.

यंदा आमची मागची खोली मी त्यांना दिली आहे. भाडेकरूची माहिती द्यायला पोलीस ठाण्यात मी सोबत गेले, अर्ज मीच भरला. त्यांच्या ओळीतल्या आणखी दोन कुटुंबांना अजून जागा मिळालेली नाही. तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल, तर या आठवड्यात त्या दुकानांपाशी जाऊन विचारा.