गळ टाकायचं लायसन्स कुठे मिळतं? आधी पाणी कुणाचं ते विचारा!

नमस्कार मंडळी! आधीच सांगून ठेवते, मागे मिक्सरचा आवाज येईल. वरच्या मजल्यावर वाटण चाललंय आणि भांडुपच्या वन-रूम-किचनमध्ये साउंडप्रूफ खोली मी कुठून आणू?

तर विषय. पहिला पाऊस पडला की रील्सचाही पाऊस पडतो. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यात चढणारे मासे, ओढ्यात पाग (फेकायचं जाळं) टाकणारे, तलावाच्या काठावर हातभर कटला छातीशी धरून काढलेले फोटो. आणि त्याखाली मला टॅग करून प्रश्न एकच, "ताई, फिशिंगचं लायसन्स कुठे मिळतं, लिंक टाका." एकाने तर पुढे लिहिलंय, "नुसत्या गप्पा नको, लिंक." अहो दादा, असती तर टाकली नसती का? मुंबईत हौसेने गळ टाकणाऱ्यासाठी असं एकच कार्ड नाही, की ते खिशात घातलं आणि वाटेल त्या पाण्यावर जाऊन बसलो.

आता सोप्या गोष्टी पटकन उरकते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, किती नंबरची, आमिष कोळंबीचं की कणकेचं, यावर जुने व्हिडिओ आहेत, ते बघा. सुरुंग, विष, करंट चालतं का, हे विचारूसुद्धा नका. सुरुंगाला आणि विषाला इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. ब्लीचिंग पावडर ओतून अख्खा डोह मारणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही आणि तसल्या कमेंटला उत्तरही देत नाही. झालं. पुढे चला.

खरा प्रश्न हा, की पाणी कुणाचं आहे? नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, म्हणून आज मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार. कंटाळा आला तर दीडपट स्पीडवर ऐका.

माझ्या घराजवळचीच गोष्ट घ्या. पवई आणि विहार. नकाशा उघडून बघा, दोन्ही तलाव जवळजवळ खेटून. पवई हा महापालिकेचा तलाव. तिथल्या गळाच्या मासेमारीचा कारभार बरीच वर्षं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन बघते, काठावरच त्यांचं ठिकाण आहे. तिथे जायचं, विचारायचं, परवानगी घ्यायची, पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग गळ टाकायचा. कुठे बसायचं, मासा ठेवायचा की सोडायचा, हेही तेच सांगतील. दर आणि वेळा मी इथे सांगत नाही, कारण त्या बदलतात आणि मग तुम्ही माझा जुना व्हिडिओ दाखवून तिथल्या माणसाशी हुज्जत घालता. हो, घातलीय एकाने! मला कळलंय.

आता विहार. १८६० चा तलाव, शहराला पिण्याचं पाणी देणारा. शेजारचा तुळशी १८७९ चा. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू, आणि तिथे शब्द वनखात्याचा. तिथे पावती फाडायची सोयच नाही, कारण हौशी मासेमारीला परवानगीच नाही. परवानगीशिवाय आत पाऊल ठेवलंत तरी गुन्हा, मासा लागो न लागो. रॉड तोच, गळ तोच, कणीक घरातून मळून आणलेली तीच. पण पवईला पावती घेतली की तुम्ही पाहुणे, आणि थोडं पलीकडे गेलात की आरोपी.

यावर कमेंट ठरलेली. "ताई, आमचा मित्र रात्री विहारला जातो, त्याला कधी कुणी पकडलं नाही." मित्राला बिबट्यानेही पकडलं नाही ना अजून? म्हणून काय तिथे बिबटे नाहीत? मगरी आहेत, बिबटे आहेत, आणि गस्तीवर वनरक्षकही आहेत. तिघांपैकी कोण आधी भेटेल ते मित्राने ठरवावं.

बरं, हे झालं शहरातलं. आता कर्जत-बदलापूर पट्ट्यातल्या धरणांकडे आणि पाझर तलावांकडे या. रविवारी मुंबईतून बाइकवर रॉड बांधून जाणारे तिकडेच जातात. पक्कं डोक्यात असतं, की धरण सरकारचं, मासे देवाचे, आपण कुणाचं काय घेतलं? तर ऐका. असे तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असतात, बहुतेक वेळा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला. संस्था ठेक्याची रक्कम भरते आणि पावसाळ्यात मत्स्यबीज विकत आणून सोडते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटभर बोटुकली. तुमच्या गळाला जो दोन किलोचा रोहू लागला, तो कुणीतरी पैसे मोजून पाण्यात सोडलेला असतो.

एका तलावावर माझ्यासमोर झालेला प्रकार सांगते, गावाचं नाव घेत नाही. डोंबिवलीची चार-पाच पोरं होती, चांगली घरची, महागडे रॉड, स्पीकरवर गाणी. संस्थेची दोन माणसं आली आणि सामान उचलायला लागली. पोरं म्हणाली, "काका, आम्ही टॅक्स भरतो." त्यातले वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बोटुकलीचे डबे उतरवायला मागच्या पावसात आला असतात तर ओळखलं असतं." मग मीच मध्ये पडले. "काका, दिवसाचे पैसे घेऊन बसू देता का?" तर हो म्हणाले! किरकोळ रक्कम सांगितली, वर दोनच मासे न्यायचे अशी अट. म्हणजे विचारलं असतं तर काही अडलंच नव्हतं. न विचारता टाकला गळ तर ती त्यांच्या लेखी चोरी, आणि संस्था पोलिसांत गेली तर पोलीस तुमच्या रॉडचा ब्रँड बघणार नाहीत.

अजूनही कुणी म्हणेल, "परदेशात बघा, एक लायसन्स काढलं की झालं." ही माझी सगळ्यात नावडती कमेंट. माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्यालाही हाच नाद. तिथे तेरा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकायला सरकारी रॉड लायसन्स लागतं, आणि ते नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. ते लायसन्स खिशात असलं तरी त्या नदीच्या, त्या तळ्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिवाय नदीतल्या बऱ्याच माशांसाठी १५ मार्च ते १४ जून गळ बंद. म्हणजे जिथे लायसन्स आहे तिथेही पहिला प्रश्न काय? पाणी कुणाचं! मामेभाऊ तर म्हणतो, तुमच्याकडे बरं आहे, एकाच माणसाला विचारावं लागतं. मी म्हटलं, तो माणूस शोधण्यातच रविवार जातो रे.

आता समुद्र. इथे लोक म्हणतात, समुद्र तर कुणाचाच नाही. आहे की. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि तो मत्स्यव्यवसाय विभाग चालवतो. पण ज्या धक्क्यावर तुम्ही बसता तो धक्का बंदराचा असू शकतो, बाजूची भिंत नौदलाची असू शकते. तिथे मासे राहिले बाजूला, सुरक्षारक्षकच तुम्हाला गळाला लावतील. मढ-मार्वेच्या खडकांवर, बँडस्टँडला, वरळीला बसणारे बसतात. भरतीचं कोष्टक बघून बसा, एवढंच सांगते.

"जूनमध्ये बंदी असते, मग गळ टाकला तर पकडतील का?" १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक बोटींसाठी आहे. खडकावर रॉड घेऊन बसलेल्याला ती नाही. पण त्या लाटांत बसायची अक्कल कुठली, ते तुमच्या आईला विचारा.

आणि हो, ती दुसरी कमेंट. "कोळ्यांना सगळं माफ, नियम फक्त आम्हाला." कोण म्हणतं माफ? दोन महिने बोट किनाऱ्याला, म्हणजे घरातली कमाई बंद. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि दंड असे वाढवले, की एलईडीच्या उजेडाने मासे गोळा करून मासेमारी केली तर पाच ते वीस लाख, ठरलेल्या मापापेक्षा लहान मासे मारले तर एक ते पाच लाख. जाळ्यात कासव अडकलं आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते, आणि अशी कासवं सोडणारे कोळी बांधवच आहेत. नियम मोडणारे त्यांच्यातही आहेत, मोठ्या पर्ससीन बोटींवर (अख्खा थवा घेरणारं जाळं टाकणाऱ्या) छोटे कोळी स्वतःच चिडलेले असतात. पण सरसकट बोट दाखवण्याआधी आपल्या बादलीत डोकावून बघा.

कारण बादलीत काय असतं? (पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून) ही शाळेची पट्टी. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान मापं ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०, सुरमई ३७०. पापलेट म्हणजे आपला सरंगा, त्याच वर्षी राज्यमासा झाला. आता १३५ मिलिमीटर म्हणजे केवढं? हे एवढं. एवढंसं! याहूनही लहान पापलेट बाजारात वाट्यावर विकायला असतात आणि आपण "फ्राय करायला बरे" म्हणून घेतो. मी स्वतः दादरला कोळीणमावशींना विचारलं, "मावशी, एवढे बारीक का आणता?" त्या म्हणाल्या, "तू घेतेस म्हणून." गप्प बसले.

खडकावर बसलेल्या हौशी माणसाची पट्टी घेऊन कुणी तपासणी करत नाही, हे मलाही माहीत आहे. कायद्याची नजर बोटींवर आहे. तरी मी मापाखालचा मासा सोडते. मापताना मासा ओल्या, सपाट जागेवर ठेवा, तोंड मिटवा आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ मापा. टेप पोटावरून वळवून नाही! पोटावरून मापलं की मासा मोठा होतो, फोटोलाही आणि मनालाही. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो.

वलगणीबद्दल पुष्कळांनी विचारलंय. माझं बालपण गेलंय रायगडात मामाकडे ते मासे खाण्यात, त्यामुळे खाऊ नका असं म्हणायला जीभ वळत नाही. पण चढणीला लागलेला मासा अंडी घालायला चाललेला असतो. गावातला माणूस आपल्या शेताच्या बांधावर घरापुरते धरतो ते वेगळं, आणि मुंबईहून तीन गाड्या करून ओढा आडवा जाळ्याने बंद करणं वेगळं. रीलखाली लोकेशन टाकणाऱ्यांनो, पुढच्या रविवारी तिथे काय होतं ते जाऊन बघा.

याच्या उलट वाड्याजवळचं तिळसेश्वर. वैतरणेच्या डोहात देवळाच्या पायऱ्यांशी महसीर येतात, लोक त्यांना खायला घालतात. देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. ना दंड, ना ड्रोन. तिथे पाणी कुणाचं हे लहान पोरालाही माहीत आहे.

ड्रोनवरून आठवलं. जानेवारी २०२५ पासून राज्याने नऊ ठिकाणांहून ड्रोनने समुद्रावर नजर ठेवायला सुरुवात केली, त्यात गोराई आणि ससून डॉकही आहेत. चांगलं आहे. पण किनारा शेकडो किलोमीटरचा आहे, आणि तलावात रात्री ट्यूबवर बसून तंगूसची जाळी लावणारा ड्रोनला दिसायचा नाही. तो काठावर राहणाऱ्यांना दिसतो, म्हणजे तुम्हाला.

दिसला तर काय करायचं? भांडायचं नाही. त्याच्या हातात कोयता असतो आणि तुमच्या हातात मोबाइल. लांबून व्हिडिओ घ्या, वेळ आणि लोकेशन लिहून ठेवा. बोट असेल तर तिच्या अंगावर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो घ्या. मग पुन्हा तेच, पाणी कुणाचं? उद्यानात असेल तर वनखात्याचा १९२६. महापालिकेचा तलाव असेल तर १९१६, शिवाय तिथे कारभार बघणाऱ्या संस्थेला फोन. समुद्रात असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय. मारामारीची वेळ आली तर थेट ११२. चुकीच्या दारात गेलात की "हे आमच्याकडे येत नाही" ऐकून परत याल, आणि मग माझ्या व्हिडिओखाली लिहाल की तक्रार करून काही होत नाही.

तक्रार क्रमांक मागून घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा, पण स्वतःचा नंबर आणि पत्ता टाकू नका, मागच्या वेळी दोघांनी टाकला होता आणि मला रात्री बसून डिलीट करावा लागला.