शेजारच्या घरातील घड्याळ

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो,

बेळगावातील शहापूरच्या ज्या गल्लीत मी वाढले, तिथे आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत होती. भिंतीपलीकडे हातमाग चालत असे, आणि त्याचा आवाज थांबला की माझी आजी म्हणत असे, ‘अक्का जेवायला उठल्या वाटतं, पानं घ्या.’ आमच्या घरातील घड्याळ कितीदा तरी बंद पडलेले असे, पण त्यावाचून कोणाचे अडत नसे, कारण शेजारच्या घरातील घड्याळ चालू होते. आज ‘द सिम्स’ या संगणकीय खेळाच्या चार मुख्य भागांची तुलना करताना मी हीच एक कसोटी लावणार आहे. आपण ज्या घरात खेळतो तिथे या खेळात पुष्कळ काही घडते आणि त्याची वर्णनेही पुष्कळ झाली आहेत. परंतु ज्या घराकडे आपले लक्ष नाही, त्या घरात त्याच वेळी काय चालले असते, या प्रश्नाला चारही भागांनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि या मालिकेचा खरा इतिहास मला त्या उत्तरांत दिसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात शत्रू नाही, शर्यत नाही, जिंकणेही नाही. एक कुटुंब घ्यायचे, त्याला घर बांधून द्यायचे, आणि मग त्यातील माणसांची, म्हणजे सिमांची, भूक, झोप, आंघोळ, नोकरी, मैत्री, भांडण हे सगळे सांभाळत दिवस काढायचे. विल राइट हे याचे कर्ते. शहर वसवण्याचा त्यांचा ‘सिमसिटी’ हा खेळ १९८९ मध्ये आला होता. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, तिच्यात राइट यांचे घर गेले, आणि संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमके काय लागते, कोणती वस्तू आधी लागते आणि का, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला. मुळात हा घर बांधण्याचा खेळ व्हायचा होता. घर कसे जमले आहे हे तपासण्यापुरतीच त्यात माणसे होती. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या विचारांचा राइट यांच्यावर मोठा प्रभाव होता. मी स्वतः वास्तुकला शिकवते. घराची पारख आराखड्यावरून करू नये, राहणाऱ्याच्या दिवसावरून करावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना पाच वर्षे सांगत असतो. या खेळात ते पहिल्या तासाभरात अंगवळणी पडते.

पहिला भाग ४ फेब्रुवारी २००० रोजी आला. त्यातील सिमाला आठ गरजा होत्या. भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक आणि सहवास या सात, आणि आठवी भोवतालच्या खोलीची, म्हणजे आपण बसलो आहोत ती जागा स्वच्छ, उजेडाची आणि प्रसन्न असावी अशी. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यामागील रचना. तिथे बुद्धी माणसांत ठेवलेली नव्हती, ती वस्तूंत ठेवलेली होती. फ्रिज आसपासच्या सिमांना सतत सांगत असतो की माझ्याकडे आलात तर भूक इतकी भागेल. पलंग झोपेचे सांगतो, टीव्ही करमणुकीचे सांगतो. आणि सिम आपली निकड, आपला स्वभाव आणि वस्तूचे अंतर पाहून त्यांतल्या एका हाकेला ओ देतो. म्हणूनच घरात एखादी नवी वस्तू आली तरी सिमाला ती वापरायला वेगळे शिकवावे लागत नव्हते. कशी वापरायची ते ती वस्तूच सांगत असे. सोप्यातील झोपाळा, परसातील विहीर, ओट्यावरची दगडी बैठक या माणसाला कशा बोलावतात आणि कोणत्या वेळी बोलावतात, हे ज्यांनी जुन्या घरांत पाहिले आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

मात्र ही हाक घराच्या आवारापुरतीच होती. शेजारची माणसे पहिल्या दिवशी भेटायला येत, मैत्री करत, फोन करत, पण त्यांच्या स्वतःच्या घरात आपण नसू तेव्हा काहीच घडत नसे. प्रत्येक घराचे घड्याळ वेगळे, आणि ते आपण त्या घरात शिरलो तरच चाले. शिवाय या भागात मुले मोठी होत नसत आणि मोठी माणसे म्हातारी होत नसत. शिकत असताना टिळकवाडीतील एका मैत्रिणीच्या संगणकावर मी एक कुटुंब ठेवले होते. परीक्षा झाल्या, मे महिन्याची सुट्टी झाली, पाऊस सुरू झाला आणि मग मी परत गेले, तर त्या घरातील मुलगा सकाळच्या शाळेच्या बसची वाट पाहत तसाच उभा होता. मला त्या वेळी वाईट वाटले होते, आणि ते वाईट वाटणे अगदी खरे होते हे मला दुसरा भाग आल्यावर समजले.

दुसरा भाग १४ सप्टेंबर २००४ रोजी आला, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माणूस या विषयात या मालिकेने सर्वांत खोल हात घातला तो इथे. तान्हे बाळ, रांगते-चालते मूल, शाळकरी मूल, किशोरवय, प्रौढपण आणि वार्धक्य अशा अवस्था आल्या, आणि त्यांच्या शेवटी मरण आले. चेहरे अनुवंशाने ठरू लागले. गडद डोळे फिकट डोळ्यांवर मात करू लागले, आणि मुलीत न दिसलेली आजीच्या डोळ्यांची छटा नातवात उमटू लागली. सिमांना इच्छांबरोबर भीतीही मिळाली. घर, पैसा, ज्ञान, लोकप्रियता, प्रणय यांपैकी ज्याची जी आकांक्षा, तिच्याप्रमाणे त्याच्या मनातील भीती वेगळी. संसारात रमलेल्या बाईला ज्याचे भय वाटते त्याचे भय पैशामागे लागलेल्या माणसाला वाटत नाही. आणि आठवणी आल्या. पहिले चुंबन, मोडलेले लग्न, घरात झालेला मृत्यू हे सगळे त्या माणसाच्या नावावर नोंदले जाऊ लागले, आणि चार माणसांत त्याची चर्चाही होऊ लागली. पहिल्या भागातील गॉथ कुटुंबाची बेला या भागात बेपत्ता आहे, तिचा नवरा म्हातारा झाला आहे, आणि काय झाले हे खेळ उलगडून सांगत नाही. पहिला भाग खेळलेल्यांना ही बातमी गावाकडून आलेल्या पत्रासारखी लागली.

आता कसोटीकडे येऊ. इतके करूनही दुसऱ्या भागात शेजारच्या घरातील घड्याळ बंदच राहिले. आपण खेळतो त्या घरातच वय वाढते. एकाच कुटुंबात तीन पिढ्या रमलो तर आजोबांच्या वर्गातला शेजारचा मुलगा नातवाच्याही वर्गात शिकत राहतो. सिम घराबाहेर बाजारात गेला आणि चार तास घालवून आला, तर परत आल्यावर घरात तो गेला तेव्हाचीच वेळ असते. म्हणून या भागाच्या खेळाडूंनी आपल्या शिस्तीने एक रीत पाडली. गावातील प्रत्येक घर फेरीने खेळायचे, प्रत्येकाला सारखेच दिवस द्यायचे, आणि कोणाचे किती झाले हे वहीत लिहून ठेवायचे. मीही अशी वही ठेवली होती. पोस्टमन जसा एकही दार चुकवत नाही तशी मी बारा घरे फिरत असे. त्यातून एक गोष्ट घडली जी मला आजही महत्त्वाची वाटते. ज्या घराचा मला एका बाजूने राग येत होता, त्या घरात पुढच्या आठवड्यात मीच राहायला जात होते, आणि भिंतीच्या त्या बाजूने भांडण निराळे दिसत होते. पण मग शेजारी असा कोणी उरलाच नाही. सगळीच घरे माझी झाली. अक्कांचा माग मी चालवत नव्हते, म्हणून तर त्या शेजारीण होत्या.

शेजाऱ्यांच्या आवाजाबद्दल इथेच सांगते. चारही भागांतील सिम ‘सिमलिश’ बोलतात, जी कोणाचीच भाषा नाही. ती कलाकारांनी उत्स्फूर्तपणे बोलून घडवली. खऱ्या भाषेतील तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकून कान विटतात, आणि अर्थ कळला की कल्पनेला जागा उरत नाही, हा त्यामागचा विचार. बेळगावात हा विचार मला अधिकच पटतो. आमच्या पलीकडच्या अक्का घरात कानडी बोलत, आणि शब्द कळू लागण्यापूर्वीच मला त्यांच्या घरातील कौतुक, कुरकुर आणि काळजी स्वरावरून ओळखता येत होती. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या कानाला ही सवय लहानपणीच लागलेली असते. खेळाच्या पडद्यावरील मजकूर अधिकृतपणे मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही, आणि ती उणीव आहेच. पण सिमांचे बोलणे मात्र इथल्या मुलाला इतर कोणापेक्षा कमी कळत नाही.

तिसरा भाग २ जून २००९ रोजी आला आणि त्याने भिंत पाडली. गावच एकसंध झाले. घरातून निघालेला सिम न थांबता रस्त्याने चालत वाचनालयात जाऊ शकतो, वाटेत ओळखीचा भेटतो, आणि मागे घरात ज्यांची झोप मोडायची त्यांची मोडत असते. सारे गाव एका घड्याळावर चालू लागले. आपण पाहत नसताना शेजारी लग्न करतात, त्यांना मुले होतात, नोकऱ्या बदलतात, म्हातारे मरतात. स्वभाव मोजण्याची जुनी गुणांकनाची पद्धत जाऊन पाच स्वभाववैशिष्ट्ये निवडायची पद्धत आली. कथेच्या काळाने हा भाग पहिल्याच्याही २५ वर्षे आधीचा आहे, त्यामुळे ती बेपत्ता झालेली बेला इथे लहान मुलगी म्हणून गल्लीत खेळताना भेटते. माझ्या कसोटीवर हाच भाग सर्वांत वरचा आहे, आणि हे मी त्याचे सर्व दोष जाणून म्हणते.

दोष मोठे होते. सगळे गाव एकाच वेळी जिवंत ठेवण्याचा भार त्या काळातील घरगुती संगणकांना पेलत नसे; माझ्याकडील संगणक खेळ पुढे जाईल तसा अधिकाधिक अडखळत असे. दवाखाना, शाळा, कचेरी यांच्या आतले काहीच दिसत नसे. माणूस दारातून आत नाहीसा होई आणि पाच वाजता बाहेर येई. आणि शेजाऱ्यांच्या आयुष्यात जे घडे त्याला पुरेशी संगती नसे. ज्यांच्याशी वर्षभर मैत्री जोडली ते कुटुंब काही न सांगता गाव सोडून गेलेले एके दिवशी लक्षात येई. तरीही मी त्या रिकाम्या घरासमोर माझ्या सिमाला नेऊन उभी राहिले होते, आणि मला ते घर कुलूप लागलेल्या कोणत्याही खऱ्या घराइतकेच खरे वाटले होते. बसची वाट पाहत गोठलेल्या मुलापेक्षा, न सांगता गेलेला शेजारी बरा. तो कुठेतरी राहत तरी असेल.

चौथा भाग २ सप्टेंबर २०१४ रोजी आला, आणि त्याने तिसऱ्याचे गाव पुन्हा तुकड्यातुकड्यांत वाटले. शेजारच्या दारात जायचे तरी पडदा पडतो आणि थांबावे लागते. सुरुवातीला त्यात पोहण्याचे तलाव नव्हते, ते त्याच वर्षी आले. बाळपण आणि शाळकरी वय यांमधली रांगती-चालती मुले नव्हती, ती २०१७ च्या जानेवारीत आली. बदल्यात मिळाल्या त्या भावना. आनंद, दुःख, राग, ताण, एकाग्रता, शरम अशा अवस्थांनी सिमाचे चालणे, बोलणे, काम करणे बदलते, आणि भावना टोकाला गेली तर हसून हसून, रागाने किंवा शरमेनेही सिम मरू शकतो. जेवता जेवता गप्पा मारणे, चौघांनी मिळून बोलत बसणे इथे जितके सहज आहे तितके आधी कधीच नव्हते. घर बांधण्याची साधनेही उत्तम आहेत; आमच्या वर्गात मी तीच वापरते. १८ ऑक्टोबर २०२२ पासून मूळ खेळ फुकट आहे, पुढच्या भरीला मात्र पैसे पडतात.

शेजाऱ्याचे घड्याळ या भागात कित्येक वर्षे जेमतेम चालत होते. वय वाढू शकत असे, पण आयुष्यात विशेष काही घडत नसे. २०२१ च्या अखेरीपासून त्यात सुधारणा झाली. आता शेजारी फोन करतो आणि विचारतो की मी ही नोकरी सोडू का, आम्ही मूल होऊ द्यावे का. आणि आपण हो म्हटले तर तसे घडतेही. हे मला पूर्ण पटलेले नाही. तिसऱ्या भागातील शेजारी आपल्याला विचारत नव्हता, आणि त्यामुळेच तो स्वतंत्र होता. परंतु बातमी मुळीच न कळण्यापेक्षा अशी कळणे चांगले, हेही मान्य केले पाहिजे.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये या भागाला भाड्याच्या घरांची जोड मिळाली. एकाच जागेवर अनेक बिऱ्हाडे, सामायिक अंगण आणि घरमालक असे बांधता येऊ लागले, आणि मी पहिले काम केले ते म्हणजे आमच्या शहापूरच्या घराचा आराखडा आठवून चार बिऱ्हाडांचा वाडा बांधण्याचे. मधला चौक नीट उतरला. माणसे तिथे आपण होऊन जमतात. शेजारी काय बोलतात हे ऐकण्याची सोयही दिलेली आहे, पण त्यासाठी माझ्या सिमाला उठून, शेजारच्या दाराशी जाऊन, दाराला कान लावून उभे राहावे लागते, म्हणजे ते चोरून ऐकणे ठरते. आजीने कधी चोरून ऐकले नाही. ती चुलीपाशी बसलेली असे आणि ऐकू येत असे.

सभागृहात मागच्या टेबलावर दोन संगणक मांडून ठेवले आहेत. एकावर तो वाडा आहे. दुसऱ्यावर २०२५ च्या जानेवारीत पुन्हा विक्रीस आलेला दुसरा भाग आहे, आणि त्यात मी पुन्हा फेरीने बारा घरे खेळायला घेतली आहेत. वहीही शेजारीच ठेवली आहे. त्यातील सातव्या घरात संध्याकाळचे सात वाजले आहेत आणि बाई पाने घेत आहेत. ज्यांना पुढे खेळून पाहायचे असेल त्यांनी खेळावे, फक्त उठताना किती वाजले ते वहीत लिहावे.